पहिल्या नंबरचा चिकू

चारोटी नाक्याजवळ मोटारसायकल घसरून हरिश्चंद्रच्या डोक्याला मार बसला आणि वाचा गेली. उपचारांनी ती परतू लागली, पण आधी शिव्या परतल्या. “वस्तू दाखवा, नाव घेतल्याशिवाय देऊ नका,” थेरपीच्या बाईंनी बायकोला, हिरकणीला बजावलं होतं. आज तिने बशीत त्यांच्या वाडीतला पहिल्या नंबरचा चिकू ठेवला. असे चिकू विक्रीला मुंबईला जायचे; तिच्या वाट्याला आयुष्यभर फुटके, पाखरांनी टोचलेले. “चिकू,” तो अडखळत म्हणाला. तिने बशी मागे ओढली. “आता माझं नाव घ्या.” लग्न झाल्यापासून त्याने तिला ‘ए’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. त्याच्या कपाळाची शीर फुगली. “ए... भवाने!” शिवी मात्र अडखळली नाही. हिरकणीने चिकू फोडला, चवीने एकटीने खाल्ला आणि काळी बी त्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवली. “उद्या परत विचारीन. वाडीत चिकू पुष्कळ आहेत.”