खानदानी प्लग

रघुवीररावांच्या आजोबांना महाराजांनी बक्षीस दिलेली मोटार, आजोबा गेल्यापासून पन्नास वर्षं तुकोगंजातल्या बंगल्यात नुसती उभी होती. रघुवीरराव ती रोज पुसत. बॉनेट उघडणं मात्र हलक्या लोकांचं काम. यंदा व्हिंटेज रॅली ठरली, तेव्हा गाडी चालू करायला नवे स्पार्क प्लग हवे होते; पण सियागंजच्या बाजारातले प्लग पाहून त्यांनी नाक मुरडलं. "आपल्या खानदानी गाडीत लोकल माल? छे!" तीन महिने खटपट करून त्यांनी थेट इंग्लंडहून प्लग मागवले आणि साऱ्या नातेवाइकांना ओरिजिनलचं महत्त्व ऐकवलं.

रॅलीच्या आदल्या दिवशी मेकॅनिक युनूसभियांनी बॉनेट उघडलं, आत डोकावलं आणि प्लगांची डबी अदबीनं परत केली.

"साहब, डीजल में प्लग कहाँ होता है? ये तो टेम्पो का इंजन है. मेरे अब्बा से आपके दादाजी ने ही डलवाया था."