जुन्या घरमालकिणीचं पत्र

ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला मी भाड्याच्या घरासाठी सोळा अर्ज केले. सगळीकडे तेच पालुपद: "या देशातल्या जुन्या घरमालकाचं पत्र आण." अरे, मी ब्राझीलहून येऊन महिना झालाय, पत्र काय समुद्रातून काढू?

सतराव्या फ्लॅटच्या दाराशी एजंट शेरिल म्हणाली, "जुसारा, तुझं पत्र फारच छान आहे गं!"

"मी पत्र दिलंच नाही."

"मालकिणीनंच पाठवलंय. याच घरात नऊ वर्षं राहिलीस म्हणे."

तिनं फोन पुढे केला. पत्रासोबतच्या फोटोत याच निळ्या दारात मी उभी होते.

"बाई, मी हे दार आज पहिल्यांदा बघतेय!" वैतागून मी दारावर थाप मारली.

आतून माझाच वैतागलेला आवाज आला, "कितीदा सांगू, घर रिकामं नाहीये!"