चौऱ्याण्णव टक्के आचारसंहिता

"बाई, त्यात तपासायचं काय? शिक्का मारा," कुलसचिव म्हणाले. विद्यापीठाची नवी आचारसंहिता संध्याकाळी थाटात जाहीर व्हायची होती.

पण ग्रंथपाल दुधगावकर बाईंनी प्रबंधांसारखी तीही मजकुराची चोरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. चौऱ्याण्णव टक्के उचललेली निघाली. 'प्रामाणिकपणा' हे प्रकरण तर दुसऱ्या विद्यापीठाच्या नावासकट.

"सांभाळून घ्या. आपलीच माणसं आहेत," कुलसचिव पुटपुटले.

बाईंना कालची पोरगी आठवली. बारा टक्के उचललेला निघाला म्हणून प्रबंध परत मिळाल्यावर ती रडत गेली होती.

"पहिलं कलम वाचलंत? सर्वांना समान वागणूक. तेवढं मला पटलं," म्हणत त्यांनी पोरीला दिला होता तोच छापील फॉर्म आचारसंहितेला टाचला: 'स्वतःच्या शब्दांत लिहून सहा महिन्यांनी आणावे.'

मार्गदर्शकाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात कुलगुरूंचं नाव लिहिलं.