विहिरीला आवतण

सोजरबाई विहिरीच्या काठावर बसली ती उठेचना. दोन्ही बाजूंना गावातल्या बायका आणि समोर विहिरीत टाकायच्या जंतुनाशक पावडरीची बादली घेतलेला दवाखान्याचा माणूस. पिंपळाखाली पाण्याचा टँकर सकाळपासून भरलेला उभा होता. त्याच्या नळाला अजून कुणी हात लावला नव्हता.

"घेऊन जा तुमची पावडर," सोजरबाई म्हणाली. "आमची इहीर चांगली हाय."

चांगली नव्हती. गावातली चार माणसं उलट्या-जुलाबांनी आदिलाबादच्या दवाखान्यात पडली होती. सोजरबाईलाही ते ठाऊक होतं. पण उद्या तिच्या लेकीचं लग्न होतं, आणि सकाळीच सरकारची जीप भोंगा लावून जैनथपासून नदीपर्यंत सांगत फिरली होती, की अमुक गावच्या विहिरीचं पाणी दूषित असून ते पिणाऱ्याच्या जिवाला धोका आहे. गावाचं नाव मी घेत नाही. त्या दिवशी ते पुष्कळ घेऊन झालं होतं.

तो मजकूर चारुलतानं लिहिला होता. जनसंपर्क खात्यात लागून तिला थोडेच महिने झाले होते. हैदराबादहून आलेल्या तेलुगू नमुन्याचं तिनं मराठी केलं होतं, अगदी 'सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते' इथपासून, एकही शब्द न गाळता. तिचे साहेब, चिंतामणी सर, वाचून खूश झाले होते. आता ती जीपला टेकून उभी होती आणि सकाळची शाबासकी कुठल्या कुठं गेली होती.

"बाई, नवरदेवाचं गाव पैनगंगेच्या पल्याड हाय," सोजरबाई तिला म्हणाली. "तुमचा भोंगा तेथवर आयकू जाते. दुपारी तिकडून निरोप आला, पानी खराब हाय त वऱ्हाड काऊन आनाव? मी म्हनलं, खोटं हाय. आता ह्या मानसाले पावडर टाकू देली, त खरंच होते ना!"

"पण उद्या वऱ्हाड हेच पाणी प्यायलं तर?"

सोजरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वऱ्हाड न येण्याची तिला धास्ती होती, आणि येण्याचीही.

चिंतामणी सरांनी घड्याळात पाहिलं. "मोतीराम, सकाळची सूचना परत लाव," ते ड्रायव्हरला म्हणाले. "आवाज वाढव. यांना ऐकू आलेलं दिसत नाही."

"आलंय, सर," चारुलता म्हणाली. "ऐकू आलं म्हणूनच बसल्यात."

तेवढ्यात नवरीचा मामा, भिवाजी, कुंकवाची वाटी घेऊन समोरच्या दारात थांबला. "उद्या चूलबंद आवतन हाय बरं!" त्यानं उंबऱ्याला कुंकू लावलं. आतून होकार आला आणि तो पुढच्या दाराकडं वळला. आता उद्या त्या घरात चूल पेटणार नव्हती. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळं घर लग्नाच्या मांडवात जेवणार. चूल बंद ठेवा म्हटल्यावर आमची चूल वाईट का, असं कुणी विचारलं नाही.

चारुलतानं सकाळचा कागद उलटा केला, जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि लिहायला लागली. दोनदा खोडलं. मग सरांपुढं धरलं.

सरांनी वाचलं. "पाणी खराब आहे, हे कुठं आहे यात?"

"अंघोळ घालायची म्हटलंय ना, सर. मळ असल्याशिवाय कोण घालतं?"

"आणि कलेक्टरसाहेबांचं नाव?"

"शेवटी घालू. लोक टँकरपाशी पोचल्यावर."

सर हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. चारुलतानं माइक हातात घेतला. "मोतीरामभाऊ, भोंगा नदीकडं फिरवा," ती म्हणाली.

"ऐका हो मंडळी! उद्या आपल्या गावात लगीन आहे. घरोघरी चूलबंद आवतण गेलं आहे. आजपासून दोन दिवस आपल्या विहिरीलाही आवतण आहे. वर्षभर तिनं गावाला पाजलं, आता तिला अंघोळ घालायची आहे, औषधाची. तोवर गावाचं अन् पाव्हण्यांचं पाणी पिंपळाखालच्या टँकरवर. विहिरीवर घागर नेऊन कुणी आवतण मोडू नये. अन् कुणाला उलटी-जुलाब झाले तर लपवू नये, जीप इथंच उभी आहे. नदीपल्याडच्या मंडळींनी बिनघोर यावं."

बायका एकमेकींकडं पाहू लागल्या.

सोजरबाई उठली. घरात गेली आणि हळदीकुंकू घेऊन आली. विहिरीच्या काठावर तिनं हळदीची पाच बोटं ओढली, रहाटाला आंब्याची डहाळी बांधली, आणि दवाखान्याच्या माणसाला म्हणाली, "घाला आंगोळ."

मग पहिली घागर तिनंच टँकरखाली लावली. तिच्यामागं बाकीच्या जणी आल्या, आपली भांडी आपटत, नंबरावरून भांडत. भांडण ऐकून चारुलताला हायसं वाटलं.

भरलेली घागर कमरेवर घेऊन सोजरबाई तिच्यापाशी थांबली.

"हे कोनं लिवलं, बाई?"

चारुलतानं खात्यात शिकवलं होतं तेच उत्तर दिलं. "सरकारनं."

सोजरबाईनं जीपवरची तेलुगू अक्षरं पाहिली, मग चारुलताच्या बोटांवरची शाई पाहिली.

"मंग सरकारच्या घरी बी," ती म्हणाली, "लेक उजवाची हाय वाटते."