दोष कुणाचा
"दोष हिच्यातच आहे. मूल होत नाही म्हटल्यावर हिला माहेरी धाडायचं ठरलंय," सासूबाईंनी डॉक्टरांना बजावलं. केतकीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता.

"दोष यांच्यात आहे," डॉक्टर त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाले. "वृषण पोटात तयार होतात आणि जन्मापर्यंत खाली उतरतात. यांचे पोटातच राहिलेत. लहानपणी लक्षात नाही आलं?"

"आलं होतं की! पण एवढ्याशा पोरावर कापाकापी कोण करणार?" सासूबाई फणकारल्या. "म्हटलं, लग्न झालं की सगळं जागेवर येतं."

केतकी उठली. "माहेरी माझी मीच जाते, आई. माझी पत्रिका तुम्ही पार नाशिकपर्यंत दाखवून आणलीत. मुलगा गल्लीतल्या डॉक्टरला दाखवायचा होता."