शेळीची बातमी

जनीचं लक्ष बातमीत नव्हतं, माठात होतं.

"ऐका," कमळाकर मास्तर पेपर उघडून म्हणाले. "खानदेशात एका शेळीनं बिबट्याच्या पिल्लाला पाजलं!"

वर्ग उसळला. रोज सकाळी मास्तर जनावरांची एखादी अजब बातमी वाचत. मग त्यावरच गणित, त्यावरच भूगोल. पनवेलच्या खाडीकाठची मिठागरवाल्यांची पोरं त्या बातमीपायी शाळेत येत. नाहीतर कोण येतंय!

"मोठा झाला का तिलाच खाईल तो," रामू म्हणाला.

"ते उद्या बघू. पाजताना तिनं विचारलं का, तू कुणाचा?"

"नाय!"

मास्तरांनी जनीकडे खडू टाकला. "फळ्यावर काढ गं शेळी."

जनी महारवाड्यातली. दाराशी बसायची. माठाला तिनं शिवायचं नाही. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं. मधल्या सुट्टीत पोरं हुंदडायला पळत, ओतायला कोण थांबणार? शिवाशिवीविरुद्ध कायदा झाला होता. तो कचेरीत. माठाजवळ जुनंच चालू होतं.

शेळीचे दोन पाय झाले आणि जनी पुन्हा माठाकडे बघू लागली.

शकू उभी राहिली. "गुर्जी, मंग जनीला पानी वरून का वततात?"

मास्तरांचे डोळे चमकले. "शाबास! हा खरा धडा. जा जनी, आपल्या हातानं घे."

जनी एका दमात दोन पेले प्यायली.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडायच्या आतच अख्खी वाडी शाळेच्या अंगणात. पुढे शकूचा बाप दयाराम.

"मास्तर, ती पोर भाईर बसंल. नायतर आमची पोरं उद्यापास्नं मिठागरावर."

"मग माझी बदली करा. जनी उठणार नाही."

जनी केव्हाच उठली होती. पाटी छातीशी, एक पाय उंबऱ्याबाहेर.

मास्तर बोलत सुटले. शेळी, कायदा, माणुसकी. ऊन चढलं, घसा बसला, तरी थांबेनात.

"पेपरवाले काय बी छापतान," दयाराम गुरगुरला.

"बा," शकू म्हणाली, "शेळीला कळलं, तुला नाय कळत?"

मागे कुणीतरी खिक् करून हसलं. "दयाराम, पोरगी तुज्यावर गेली नाय, सुटली!"

दयारामनं हात उगारला. शकूनं मान खाली घातली नाही. हात तसाच वर राहिला, मग हळूहळू खाली आला.

"शेळीपरीस हलके काय आमी?" तो पुटपुटला. मग मोठ्यानं म्हणाला, "जने, आन पानी."

जनीनं आत येऊन पाटी ठेवली आणि माठात पेला बुडवला. दयारामनं तो तोंडाला लावून रिकामा केला, मिशा पुसल्या आणि मागे वळून ओरडला, "बगता काय? प्या!"

म्हातारी हौसा पुढे झाली. प्यायली. जीभ फिरवून म्हणाली, "पानीच हाय की गो!"

सगळे हसले. मग एकेक जण पुढे आला. जनी भरत होती, देत होती.

शेवटी तिनं काठोकाठ पेला भरला आणि मास्तरांपुढे धरला. ती हसत होती. सगळी वाडी कौतुकानं बघत होती.

मास्तरांचा आवाज पार गेला होता. त्यांनी खुर्ची जराशी मागे सरकवली.

"खाली ठेव, बाळ," ते म्हणाले. "मी घरी जाऊन पितो."