तलवारीवरची चार बोटं

"कोणी हात लावायचा नाही. मी स्वतः उतरवतो," असं म्हणत हेमराज आबा स्टुलावर चढले. पाचवीतली नात हिरल खाली स्टूल धरून उभी राहिली.

बैठकीच्या भिंतीवर, लाल मखमलीच्या फळीवर, ती तलवार आबांच्या लहानपणापासून होती. येणाऱ्या पाहुण्याचा चहा तिच्यासमोरच होई. सारंगखेड्याच्या जत्रेला आलेले घोडेवालेही मुद्दाम वाट वाकडी करून ती बघून जात. दर दसऱ्याला आबा तिला खोबरेल तेल लावत. मुठीजवळचे चार काळपट पट्टे तेवढे सोडून. त्यांना तेल नाही, फडकं नाही. मरता मरता शत्रूनं पातं धरलं, त्याच्या रक्ताळलेल्या बोटांच्या त्या खुणा, असं आबांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं. आबांनी गावच्या शाळेत गुरुजी म्हणून जन्म काढला आणि ते प्रत्येक वर्गाला सांगितलं. शाळा सुटली की पोरं घरी येत. आबा एकेकाला त्या खुणांवर बोटं ठेवू देत. पोरांची बोटं त्यात अगदी बरोबर बसत.

"गुरुजी, दुश्मन बुटका व्हता का?" एखादा वात्रट हमखास विचारी. सगळा घोळका हसे. गुरुजीही हसत.

आता तीच तलवार नवरदेव होणार होती. थोरला नातू योगेंद्र सीमेवर होता. लग्न परवावर आलं आणि त्याची रजा रद्द झाली. मांडव पडलेला. पत्रिका गावोगाव पोचलेल्या. हा मुहूर्त गेला तर पुढचा थेट दिवाळीनंतर. घरातले सगळे डोक्याला हात लावून बसले. आबा मात्र जराही डगमगले नाहीत. नवरदेव लढाईवर असला तर त्याची तलवार लग्नाला जाते, ही जुनी रीत त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितली. त्यांचे वडील ब्रह्मदेशात लढत होते, तेव्हा त्यांची आई याच तलवारीबरोबर फेरे घेऊन या घरात आली होती.

"आबा, मन्हा आगोदर तलवारले रजा मिळनी!" योगेंद्र फोनवर म्हणाला. हसला, पण ते हसू पुरतं उमटलं नाही.

नवरीच्या वडिलांनी, भिकन गिराशांनी, आबांच्या शब्दाला मान दिला. नवरी संध्या शहाद्याला दवाखान्यात नर्स होती. तिनं फोन मागून घेतला आणि एकच विचारलं.

"आबा, तुम्ही म्हणतस तं मी उभी ऱ्हासू. पन हात कोना धरू?"

"मन्ही मायनी धरा, तोच!" आबा म्हणाले. आईनं तलवारच धरली होती. हे उत्तर त्यांना फारच आवडलं. दिवसभरात त्यांनी ते चौघांना ऐकवलं.

संध्याकाळी तलवारीला हळद लागली. पाटावर पांढरा रुमाल, त्यावर तलवार, शेजारी नारळ. हिरल करवली, म्हणून पहिला मान तिचा. तिनं वाटीत हात बुडवला आणि मुठीजवळ, जुन्या खुणांच्या शेजारी, ओल्या हळदीची चार बोटं ओढली. बाकीच्या बायकांनी टोकाकडे लावली. गाणी सुरू झाली. आबा रंगात आले.

"माझी आई सांगायची, हळदीच्या हातानं मी तलवार जमिनीवर उभी धरली, तर मूठ माझ्या छातीला लागत होती!"

बायका खळखळून हसल्या. आबाही हसले. आई हे सांगायची तेव्हा ती स्वतः कधी हसली नव्हती, एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी तलवार पुसायला आबा ओसरीवर बसले. वाळलेली हळद खपल्यांसारखी सुटली. टोकाकडचं पातं चकाकलं. पण मुठीजवळ फडकं अडखळलं. हिरलच्या बोटांच्या जागी चार काळपट पट्टे उमटले होते. जुन्या खुणा सांभाळताना तेल न पोचलेल्या त्या जागी दाट ओल्या हळदीनं रात्रभरात पोलाद खाल्लं होतं. आबांनी जोर लावून घासलं. पट्टे हलले नाहीत.

त्यांनी तलवार उजेडात धरली. नवे चार. शेजारी जुने चार. रंग तोच. रुंदीही तीच.

"हिरल, बोटं ठेव बरं इथं."

तिनं आपल्या खुणांवर बोटं ठेवली.

"आता इथं."

तिनं जुन्या खुणांवर ठेवली. बोटं बरोबर बसली.

आबांनी तो छोटा हात नीट बघितला. मग उठले, स्टुलावर चढले आणि तलवार परत फळीवर ठेवली. खाली उतरून त्यांनी भिकनला फोन लावला.

"भिकनभाऊ, मांडव सोडा. तलवार येवाव नही. योगेंद्र येई, तवय लगीन लागी. संध्याले सांगा, त्यानाच हात धर."

"आबा, आते? लोके काय म्हनतीन?"

"लोकेस्ले मी शिकाडसू. जलमभर तेच करं."

फोन ठेवून ते वळले. हिरल अजून भिंतीकडेच बघत होती.

"आबा, मंग तो दुश्मन कोन व्हता?"

आबा तिच्याजवळ खाली बसले. तिची चारही बोटं त्यांनी मुठीत घेतली.

"दुश्मन नही व्हता, बेटा. मन्ही माय व्हती. तुन्हाएवढी."